सर्वेक्षणाच्या चित्रांत लघुग्रह शोधणे आणि त्याची खात्री करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजांतले गट, हौशी आकाशनिरीक्षक आणि मुलांचे पालक यांच्याकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः हवाई बेटांवरच्या हालेआकाला शिखरावरील पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या चित्रांची आणि अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरची आहेत, कारण भारतातले अनेक गट याच जोडीवर काम करतात. आकाशातली अंतरे विकलांमध्ये दिली आहेत. 1 अंश म्हणजे 60 कला आणि 1 कला म्हणजे 60 विकला. पौर्णिमेचा चंद्र सुमारे 1800 विकला रुंद दिसतो.

1. माझ्याकडे दुर्बीण नाही. घरी बसून लघुग्रह शोधता येतो म्हणतात, ते कसे?

चित्रे दुसऱ्या कुणाच्या दुर्बिणीने काढलेली असतात, तुम्ही ती तपासता. पॅन-स्टार्सच्या पहिल्या दुर्बिणीचा आरसा 1.8 मीटरचा आहे, कॅमेरा 140 कोटी पिक्सेलचा आहे आणि एका चित्रात सुमारे 7 चौरस अंश आकाश मावते, म्हणजे जवळजवळ 35 पूर्ण चंद्र. या चित्रांचे लहान तुकडे करून इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन, म्हणजे आयएएससी, ते जगभरच्या गटांना मोफत देते. हा उपक्रम अमेरिकेतल्या टेक्सासमधील हार्डिन-सिमन्स विद्यापीठातून 2006 मध्ये सुरू झाला. लागणारे सामान म्हणजे विंडोज असलेला साधा संगणक, इंटरनेट आणि सलग दोन तास शांतपणे बसायची तयारी.

2. चित्रात तर नुसते पांढरे ठिपके दिसतात. त्यातला लघुग्रह कोणता?

एका चित्रावरून सांगताच येत नाही. तारा आणि लघुग्रह दोन्ही ठिपकेच दिसतात. इंग्रजी नावाचा अर्थच मुळी ‘ताऱ्यासारखा’ असा आहे. फरक फक्त हालचालीत असतो. त्याच आकाशाची काही मिनिटांच्या अंतराने काढलेली चार चित्रे ताऱ्यांवर तारे बसवून एकामागून एक भराभर दाखवली की तारे जागच्या जागी राहतात आणि लघुग्रह टुणटुण उड्या मारत पुढे सरकतो. यालाच ब्लिंक करणे म्हणतात. 1 जानेवारी 1801 रोजी इटलीतल्या पालेर्मोत खगोलशास्त्रज्ञ पियाझींना सेरेस हा पहिला लघुग्रह सापडला, तोही असाच : लागोपाठच्या रात्री एक ‘तारा’ जागा बदलताना दिसला. तंत्र बदलले, पण मूळ युक्ती तीच आहे.

3. चारच चित्रे का? आणि मध्ये पंधरा-वीस मिनिटे कशाला थांबतात?

दोन चित्रांत कुठलेही दोन ठिपके जोडून रेषा काढता येते, त्यामुळे दोन चित्रे काहीच सिद्ध करत नाहीत. तीन चित्रांत तिसरा ठिपका नेमका हवा तिथे आणि हव्या त्या वेळी यावा लागतो. तरीही लाखो पिक्सेलच्या गोंगाटात (म्हणजे प्रकाशाच्या निरर्थक चढउतारांत) तीन खोटे ठिपके एका ओळीत येण्याचा योग अधूनमधून जुळतोच. चौथ्या चित्राने ही शक्यता फार कमी होते. शिवाय एखाद्या चित्रात वस्तू ताऱ्यामागे गेली, तरी तीन मोजमापे हाती उरतात.

वेळेचे अंतर वेगावरून ठरते. फार कमी ठेवले तर वस्तू सरकलेली कळत नाही, फार जास्त ठेवले तर वेगवान वस्तू चित्राबाहेर निघून जाते.

4. लघुग्रह किती सरकायला हवा? माझा फारच हळू (किंवा फारच वेगाने) चालला आहे.

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीजवळ, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असताना, मिनिटाला साधारण अर्धी विकला सरकतो. तासाला झाली सुमारे 30 ते 40 विकला. गुरूच्या कक्षेतले ट्रोजन लघुग्रह याहून संथ, तासाला 20 विकलांच्या आसपास. नेपच्यूनपलीकडच्या वस्तू तासाला जेमतेम 3 विकला सरकतात आणि तासाभराच्या चित्रमालिकेत त्या सहसा हाती लागत नाहीत. मिनिटाला दीड विकलेपेक्षा जास्त वेग असेल तर वस्तू पृथ्वीजवळची असू शकते. तेव्हा मोजमापे पुन्हा तपासा आणि अहवाल उद्यावर ढकलू नका.

दिशाही पाहा. प्रतियुतीजवळ पृथ्वी त्यांना आतून ओलांडत असते, म्हणून पट्ट्यातले जवळजवळ सगळे लघुग्रह पश्चिमेकडे जाताना दिसतात. उत्तर वर आणि पूर्व डावीकडे असलेल्या चित्रात ते उजवीकडे जातील. सगळे ज्ञात लघुग्रह एकीकडे आणि तुमचा एकटा उलटीकडे चालला असेल, तर नव्वद टक्के वेळा तो गोंगाट निघतो हे गृहीत धरून तपासणी करा (प्रश्न 7). उरलेल्या वेळी तो फार महत्त्वाचा असू शकतो.

5. संगणक हे आपोआप करतो ना? मग माणसाची गरज काय?

करतो, आणि बहुतेक वस्तू त्याने आधीच पकडलेल्या असतात. हे मुलांना आधीच सांगावे म्हणजे पुढे हिरमोड होत नाही. माणसाचे काम उरते ते कडेकोपऱ्यात : संगणकाच्या मर्यादेहून किंचित अंधुक वस्तू, तेजस्वी ताऱ्याच्या प्रभेत शिरलेली वस्तू, किंवा कॅमेऱ्याच्या चकत्यांमधल्या (चिप्समधल्या) फटीत एक चित्र हरवलेली वस्तू. खोटे ठिपके ओळखण्यात सरावलेला डोळा अजूनही उपयोगी पडतो.

6. अ‍ॅस्ट्रोमेट्रिकात नेमके काय काय आणि कोणत्या क्रमाने करायचे?

आधी त्या दुर्बिणीची सेटिंग फाइल घाला. वेधशाळेचा सांकेतिक क्रमांक (पॅन-स्टार्स 1 साठी एफ51), पिक्सेलचा आकार आणि चित्राचा फिरलेला कोन हे सगळे तिच्यात असते. दुसऱ्या दुर्बिणीची फाइल राहून गेली की पुढचे सगळे चुकते. मग ज्ञात लघुग्रहांच्या कक्षांची एमपीसीऑर्ब ही यादी इंटरनेटवरून उतरवून घ्या. मोहीम चालू असेपर्यंत ती दर काही दिवसांनी नव्याने उतरवा.

आता चारही चित्रे (ती फिट्स या खगोलचित्रांच्या फाइल-प्रकारात असतात) एकदम उघडा, वेळेच्या क्रमाने. ‘डेटा रिडक्शन’ चालवा. सॉफ्टवेअर चित्रातले तारे गाया उपग्रहाच्या सूचीशी जुळवते आणि प्रत्येक पिक्सेलला विषुवांश व क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) मिळते. त्यानंतर ज्ञात लघुग्रहांच्या अपेक्षित जागा दाखवणाऱ्या चौकटी चालू करा आणि ब्लिंक सुरू करा.

पाहताना पूर्ण चित्र एकदम पाहू नका. चित्र मोठे करून, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून शेत नांगरावे तसे पट्ट्यापट्ट्याने जा, शेजारच्या पट्ट्यावर थोडे चढत. एका पट्ट्यावर किमान दहा-बारा आवर्तने होऊ द्या. पार्श्वभूमी काळी आणि तारे पांढरे यापेक्षा उलट, पांढऱ्यावर काळे, हे बऱ्याच जणांना सोपे जाते. खोलीतला दिवा मंद ठेवा आणि पाऊण तासाने डोळ्यांना विश्रांती द्या. थकलेल्या डोळ्यांना चौथ्या तासाला जे ‘लघुग्रह’ दिसतात, ते दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिले की बहुधा नसतात.

तारेच जुळत नसतील तर तीन गोष्टी तपासा : सेटिंग फाइल योग्य आहे का, इंटरनेट चालू आहे का (ताऱ्यांची सूची तिथूनच येते) आणि चित्र उलटे किंवा आडवे पालटलेले तर नाही ना. बहुतेक वेळा पहिल्याच ठिकाणी घोटाळा सापडतो.

7. ठिपका खरा की खोटा, हे ठरवायचे कसे?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि खरे कौशल्यही इथेच लागते. चारही चित्रांत ठिपक्यावर क्लिक केले की एक लहान खिडकी उघडते. तिच्यात ठिपक्याचा जवळून घेतलेला तुकडा, प्रकाशाचा आलेख आणि आकडे असतात. चार गोष्टी पाहा.

आलेख घंटेसारखा हवा : मधे उंच, दोन्हीकडे सारखा उतरता. हवेच्या थरथरीमुळे ताऱ्याचा प्रकाश काही पिक्सेलवर पसरतो आणि लघुग्रहाचाही तसाच पसरतो. एकाच पिक्सेलवर सुई उभी असेल तर तो वैश्विक किरण किंवा तापलेला पिक्सेल असतो.

रुंदी, म्हणजे एफडब्ल्यूएचएम (आलेखाच्या अर्ध्या उंचीवर मोजलेली), शेजारच्या ताऱ्यांइतकी हवी. ताऱ्यांची 1.1 विकला आणि तुमच्या ठिपक्याची 0.4 असेल तर तो आकाशातून आलेला प्रकाश नव्हे. दुर्बिणीतून आलेली कुठलीही वस्तू ताऱ्यापेक्षा अरुंद असूच शकत नाही. उलट रुंदी फारच जास्त असेल, तर दोन वस्तू मिसळल्या आहेत किंवा प्रश्न 14 मधली गोष्ट आहे.

वेग आणि दिशा चारही चित्रांत कायम हवी (प्रश्न 8 मध्ये आकड्यांनिशी दाखवले आहे).

तेज फारसे बदलू नये. ते प्रतीत (दृश्यप्रतीत) मोजतात : आकडा जितका लहान, तितकी वस्तू उजळ. तासाभरात दोन-तीन दशांश प्रतीचा फरक लघुग्रह स्वतःभोवती फिरत असल्याने होऊ शकतो. एका चित्रात 20.1 आणि दुसऱ्यात 21.8 म्हणजे बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी जोडल्या गेल्या आहेत.

कुठे काय फसवते तेही लक्षात ठेवा. तेजस्वी ताऱ्यांभोवतीच्या किरणांवर आणि वर्तुळांवर सरकणाऱ्या ठिपक्यांचा भास होतो. कॅमेऱ्याच्या चकत्यांमधल्या काळ्या पट्ट्यांच्या काठावर खोटे ठिपके साचतात. रूपविकारी तारा एका चित्रात उजळ आणि दुसऱ्यात मंद दिसतो, पण जागा सोडत नाही. सर्वात चकवणारे म्हणजे पार्श्वभूमीच्या दाणेदार गोंगाटातले चार दाणे. मनात रेषा आधी काढली की डोळा तिच्यावर दाणे शोधून देतो. यावर एक उपाय आहे : चित्रांचा क्रम मुद्दाम उलटसुलट करून ब्लिंक करा. खरी वस्तू मागेपुढे उड्या मारेल, पण पुन्हा क्रम लावताच सरळ रेषेत चालेल. भास असेल तर तो सहसा विरतो.

8. वेग कायम आहे की नाही, हे आकड्यांवरून कसे तपासू?

समजा चार चित्रे 18-18 मिनिटांच्या अंतराने काढली आहेत. लागोपाठच्या जागांमधली अंतरे 9.6, 9.7 आणि 9.5 विकला आली. वेग मिनिटाला सुमारे 0.53 विकला, दिशा सारखी. हे पाठवण्याजोगे आहे.

आता दुसरा गट घ्या : 9.6, 13.1 आणि 6.0. पाहताच बरेच जण हा टाकून देतात. थांबा. शेवटच्या दोन अंतरांची बेरीज 19.1, निम्मी 9.55. म्हणजे पहिली, दुसरी आणि चौथी जागा बरोबर आहे, फक्त तिसरी साडेतीन विकला पुढे गेली आहे. दृश्यप्रती पाहिल्या तर 20.9, 21.0, 19.8, 21.1. तिसऱ्या चित्रात ठिपका एकदम प्रतीभर उजळला आहे. वस्तू एका मंद ताऱ्याजवळून जात होती आणि सॉफ्टवेअरने मधला बिंदू त्या ताऱ्याकडे ओढला. इथे तिसरे मोजमाप काढून टाका आणि उरलेली तीन पाठवा. वाईट मोजमाप ओळीत बसवण्यासाठी क्लिकची जागा हाताने सरकवू मात्र नका. अशी ‘दुरुस्त’ मोजमापे कक्षा बिघडवतात आणि ती कुणी बिघडवली हे पुढे कुणाला कळतही नाही.

9. एसएनआर किती असला म्हणजे पुरे?

एसएनआर म्हणजे वस्तूचा प्रकाश गोंगाटाच्या किती पट आहे तो आकडा. तो 5 च्या वर असेल तर सहसा विश्वास ठेवता येतो. 3 ते 5 मध्ये असेल तर चारही चित्रांत वस्तू दिसायला हवी आणि प्रश्न 7 मधल्या सगळ्या कसोट्या पार व्हायला हव्यात. 3 च्या खालचे सोडून द्या. एका चित्रात 6 आणि बाकी तीनमध्ये 2.5 असेल, तर त्या ‘6’ कडे संशयानेच पाहा.

10. ज्ञात लघुग्रहाची चौकट आहे, पण आत काहीच नाही. किंवा वस्तू चौकटीच्या बाजूला आहे. हा नवीन धरायचा का?

आत काहीच नसेल तर दोन साधी कारणे असतात : लघुग्रह चित्राच्या मर्यादेहून मंद आहे (यादीतली अपेक्षित दृश्यप्रत पाहा, 22 च्या पुढे असेल तर दिसणे कठीण) किंवा तो ताऱ्यामागे आहे.

वस्तू चौकटीपासून थोडी बाजूला, पण तितक्याच वेगाने आणि त्याच दिशेने चालली असेल, तर तो बहुतेक तोच लघुग्रह असतो. त्याची कक्षा थोड्या निरीक्षणांवरून काढलेली असते आणि वर्षागणिक चूक साचत जाते. नवीन म्हणून पाठवू नका, ज्ञात नावाखालीच मोजा. अशा भरकटलेल्या लघुग्रहाचे मोजमाप फार मोलाचे असते, कारण त्यानेच त्याची कक्षा पुन्हा रुळावर येते. ज्ञात लघुग्रह मोजणे म्हणजे वाया गेलेला वेळ, असे समजणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

11. अहवालात वेळ कोणती लिहायची? आणि ओळ का नाकारली गेली?

वेळ नेहमी जागतिक, म्हणजे यूटी, आणि तीही दिवसाच्या दशांशात. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करावे लागतात आणि मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तारीखही आदल्या दिवसाची येते. उदाहरणार्थ, 09:12:20 यूटी म्हणजे दिवसाचा 0.38356 भाग.

पण हा एक्स्पोजर सुरू होण्याचा क्षण असेल, तर मोजमाप एक्स्पोजरच्या मध्याचे लागते. 45 सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये 22.5 सेकंद मिळवले की 0.38383 येते. इतक्या वेळात पट्ट्यातला लघुग्रह 0.2 विकला सरकतो आणि चांगल्या सर्वेक्षणाची जागेची चूक त्याहून कमी असते, म्हणून हा फरक दडत नाही. मिनिटाला 10 विकला धावणाऱ्या वस्तूच्या बाबतीत तर एका सेकंदाची चूकही 0.17 विकला होते. आयएएससीच्या चित्रांत वेळ फाइलमध्येच असते आणि सॉफ्टवेअर ती घेते, त्यामुळे हात लावू नका. स्वतःच्या कॅमेऱ्याने चित्रे काढणाऱ्यांनी मात्र संगणकाचे घड्याळ इंटरनेटशी जुळवल्याशिवाय सुरुवात करू नये.

जुन्या अहवालाची ओळ बरोबर 80 अक्षरांची असते आणि प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असते. वर्ड किंवा तत्सम प्रोग्रॅममध्ये उघडून सजवली की रिकाम्या जागा सरकतात आणि ओळ नाकारली जाते. साध्या नोटपॅडमध्येच उघडा. नव्या वस्तूला गटाची तीन अक्षरे आणि चार आकडे असे कामचलाऊ नाव द्या. तेच नाव दुसऱ्या वस्तूला पुन्हा वापरू नका.

12. अहवाल पाठवून महिना झाला. लघुग्रह ‘पक्का’ कधी होतो?

एका रात्रीची तीन-चार मोजमापे म्हणजे एक छोटा तुकडा. त्यावरून वस्तू कुठून कुठे चालली हे कळते, पण ती किती दूर आहे हे नीट कळत नाही, म्हणून कक्षा निघत नाही. असे तुकडे जगभरची निरीक्षणे जमा करणाऱ्या, अमेरिकेतल्या केंब्रिज येथील मायनर प्लॅनेट सेंटरमध्ये आयसोलेटेड ट्रॅकलेट फाइल नावाच्या साठ्यात पडून राहतात. दुसऱ्या रात्री, साधारणपणे पहिल्या आठवडा-दहा दिवसांत, कुठल्याही दुर्बिणीने तीच वस्तू पकडली आणि दोन तुकडे एका कक्षेत बसले, की तात्पुरती संज्ञा मिळते (प्रश्न 13).

वस्तू पृथ्वीजवळची वाटली तर वाट वेगळी असते. डायजेस्ट2 हा प्रोग्रॅम वेग आणि दिशा पाहून 0 ते 100 गुण देतो. 65 किंवा जास्त गुण मिळाले तर ती सेंटरच्या संकेतस्थळावरच्या खात्री-पानावर लावली जाते आणि त्याच रात्री जगभरच्या दुर्बिणी तिचा पाठलाग करतात. म्हणूनच खोटा ठिपका पाठवणे हे निरुपद्रवी काम नाही : कुणाची तरी दुर्बीण रात्री त्या रिकाम्या आकाशाकडे वळते.

कायम क्रमांक मिळायला पट्ट्यातल्या लघुग्रहाच्या साधारण चार प्रतियुतींची निरीक्षणे लागतात. दोन प्रतियुतींत सव्वा-दीड वर्षाचे अंतर असते, म्हणजे चार-साडेचार वर्षे सहज जातात. मधल्या काळात अहवाल गायब झाला असे समजू नका.

13. ‘2024 वायआर4’ असली नावे वाचायची कशी?

2024 हे वर्ष. पहिले अक्षर पंधरवडा सांगते : ए म्हणजे 1 ते 15 जानेवारी, बी म्हणजे 16 ते 31 जानेवारी, असे करत वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. आय हे अक्षर वगळतात. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातला क्रम, इथेही आय नाही, म्हणून 25 अक्षरे. आर सतरावे. 25 संपले की पुन्हा ए पासून आणि शेवटी 1, 2, 3 असे आकडे लागतात. म्हणजे 4 × 25 + 17 = 117. त्या पंधरवड्यातली ही 117 वी वस्तू.

14. ठिपक्याऐवजी धूसर डाग दिसतो, एका बाजूला शेपूट आहेसे वाटते. काय करू?

शेजारच्या ताऱ्यांची रुंदी मोजा. तेही एका बाजूला ओढलेले असतील तर दुर्बीण हलली आहे. तारे गोल आणि ही एकटीच वस्तू रुंद, चारही चित्रांत सारखीच, असेल तर तो धूमकेतू असू शकतो. मोजमाप मधल्या सर्वात घट्ट बिंदूचे घ्या आणि शेरा वेगळा लिहून पाठवा.

15. चित्रात लांब रेघ आहे. उपग्रह की लघुग्रह?

चित्राच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जाणारी रेघ उपग्रहाची किंवा विमानाची. सुरुवात आणि शेवट दोन्ही चित्रात असलेली छोटी रेघ, आणि पुढच्या चित्रात त्याच दिशेला तेवढ्याच लांबीची रेघ, हे पृथ्वीजवळून धावणाऱ्या लघुग्रहाचे लक्षण. ऑगस्ट 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या झेडटीएफ सर्वेक्षणाच्या चित्रांत आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी अशीच रेघ पकडली. तो 2020 क्यूजी, काही मीटरचा लघुग्रह, 16 ऑगस्टला पृथ्वीपासून जेमतेम 2,950 किलोमीटरवरून गेला होता. सापडला तो जवळून निघून गेल्यावर, काही तासांनी. रेघा नजरेआड करायच्या नसतात, हे यावरून दिसते.

16. मुलीला प्रमाणपत्र मिळाले. ‘लघुग्रह शोधला’ अशी बातमी देऊ का? तिचे नाव देता येईल का?

प्रमाणपत्रावर नेमके काय लिहिले आहे ते वाचा. ‘प्राथमिक नोंद’ म्हणजे एका रात्रीचे मोजमाप स्वीकारले गेले. अभिमान वाटावा असेच काम आहे ते, पण शोध अजून झालेला नाही. तात्पुरती संज्ञा ही पुढची पायरी, क्रमांक त्याच्याही पुढची. शोधाचे श्रेयही क्रमांक मिळताना ठरते. ज्या प्रतियुतीत दुसऱ्या रात्रीचे निरीक्षण सर्वात आधी कळवले गेले, त्या प्रतियुतीतले सर्वात आधी कळवलेले निरीक्षण शोधाचे धरतात. बातमीत ‘प्राथमिक नोंद केली’ असे लिहा. ते खरे आहे आणि पुढे मागे घ्यावे लागत नाही.

नाव सुचवण्याचा हक्क क्रमांकानंतर शोधकाला 10 वर्षे असतो आणि निर्णय आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा नामकरण गट घेतो. नाव 16 अक्षरांपर्यंत, जाहिरातीचे नको. राजकीय किंवा लष्करी कामासाठी प्रसिद्ध असलेल्या व्यक्तीच्या मृत्यूला 100 वर्षे झालेली हवीत. पैसे घेऊन लघुग्रहाला नाव देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, असा अधिकार कुणालाही विकलेला नाही. आपल्याकडची दोन नावे अनेकांना ठाऊक नसतात : 300128 हा पंडित जसराजांच्या नावाचा, आणि 4130 रामानुजन, जो 1988 मध्ये तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतून सापडला.

17. आकार कसा कळतो? बातम्यांत ‘140 ते 310 मीटर’ असे एवढे अंतर का असते?

दुर्बिणीला फक्त तेज दिसते. काळाकुट्ट मोठा खडक आणि फिकट लहान खडक सारखेच उजळ दिसतात. किलोमीटरमधला व्यास = 1329 ÷ √परावर्तन × 10 चा (−एच/5) घात. एच म्हणजे प्रमाणित दूरत्वाला असलेली दृश्यप्रत. एच 18 असेल आणि पृष्ठभाग 25 टक्के प्रकाश परतवत असेल तर व्यास सुमारे 670 मीटर, 5 टक्के परतवत असेल तर सुमारे 1,490 मीटर. परावर्तन मोजले नसेल तोवर हा पल्ला कमी होत नाही.

18. धडकेची शक्यता आधी वाढते आणि मग एकदम शून्य होते. शास्त्रज्ञ काही लपवतात का?

नाही, हे गणितच तसे आहे. थोड्या निरीक्षणांवरून त्या दिवशी वस्तू कुठे असेल याचा एक लांब पट्टा निघतो. पृथ्वी त्या पट्ट्यात असेल आणि नव्या मोजमापांनी पट्टा आखूड होत गेला, तर पृथ्वीने व्यापलेला वाटा वाढत जातो. एके दिवशी पट्ट्याचे टोक पृथ्वीला सोडून जाते आणि शक्यता कोसळते. 27 डिसेंबर 2024 रोजी चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने पकडलेल्या 2024 वायआर4 चे 2032 साठीचे प्रमाण फेब्रुवारी 2025 मध्ये सुमारे 3.1 टक्क्यांपर्यंत चढले आणि काही दिवसांतच नगण्य झाले.

2004 च्या डिसेंबरात अपोफिस या लघुग्रहाचे 2029 साठीचे प्रमाण 2.7 टक्क्यांवर गेले होते. ते उतरले ते नव्या निरीक्षणाने नव्हे, तर त्याच वर्षीच्या मार्चच्या जुन्या चित्रांत तो सापडल्याने. चित्रे आधीच काढलेली होती, त्यात तो होता, फक्त कुणी मोजला नव्हता. जुने संग्रह जपून ठेवण्यामागे हेच कारण आहे. अपोफिस 13 एप्रिल 2029 रोजी भूपृष्ठापासून सुमारे 32,000 किलोमीटरवरून जाईल, धडकणार नाही.

19. काही महिन्यांत भरपूर सापडतात आणि काही महिन्यांत काहीच नाही. असे का?

चंद्र हे एक कारण : पौर्णिमेच्या आसपास आकाश उजळते आणि मंद वस्तू बुडतात. दुसरे कारण आकाशगंगा. जून-जुलैत सूर्याच्या विरुद्ध बाजूला धनू राशीचा भाग असतो. तिथे तारे इतके दाटीवाटीने आहेत की लघुग्रह प्रत्येक चित्रात कुणा ना कुणा ताऱ्यावर चढलेला असतो. तिसरे कारण हवामान : अ‍ॅरिझोनातल्या कॅटालिना सर्वेक्षणाच्या दुर्बिणी तिथल्या पावसाळ्यात काही आठवडे बंद राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली मीन आणि कुंभ राशींकडची चित्रे नवशिक्यांसाठी सर्वात सोपी, कारण तिथे तारे विरळ असतात.

20. स्वतःच्या दुर्बिणीने करायचे असेल तर?

अनोळखी वस्तू शोधण्याच्या मागे लागू नका. 20-21 प्रतीपर्यंत बहुतेक आकाश मोठ्या सर्वेक्षणांनी सतत विंचरलेले असते. पाठलाग मात्र लहान दुर्बिणीलाही जमतो. 20 ते 30 सेंटिमीटरचा आरसा, चांगला कॅमेरा, शहरापासून दूर जागा आणि अचूक घड्याळ यांवर 18 प्रतीपर्यंतचे लघुग्रह मोजता येतात. अनेक छोट्या एक्स्पोजरची चित्रे वस्तूच्या वेगाने सरकवून एकमेकांवर रचली तर आणखी खाली जाता येते. तारे रेघा होतात आणि लघुग्रह ठिपका राहतो. वेधशाळेचा सांकेतिक क्रमांक मागण्यासाठी आधी क्रमांकित लघुग्रहांची वेगवेगळ्या रात्रींची मोजमापे पाठवावी लागतात. ती अपेक्षित जागेशी एका विकलेच्या आत जुळायला हवीत. सगळी मोजमापे वेगाच्या दिशेने सारखीच सरकलेली दिसली तर दोष घड्याळात आहे (प्रश्न 11), दुर्बिणीत नाही.

21. रुबिन वेधशाळा सुरू झाल्यावर आपल्याला काही काम उरेल का?

चिलीतल्या या दुर्बिणीचा आरसा 8.4 मीटरचा आणि कॅमेरा 320 कोटी पिक्सेलचा आहे. जून 2025 मध्ये दाखवलेल्या पहिल्या चित्रांत, सुमारे 10 तासांच्या निरीक्षणात, 2104 नवे लघुग्रह निघाले आणि त्यातले 7 पृथ्वीजवळचे होते. तिची पद्धतही वेगळी आहे : एका रात्री दोनच चित्रे, आणि पंधरा रात्रींत अशा तीन जोड्या जुळल्या तरच नवी वस्तू धरायची. ब्लिंक करून नवे सापडण्याचे प्रमाण त्यामुळे घटेल. उजळ वस्तूंचा पाठलाग, फिरण्याच्या वेगाची मोजणी आणि जुन्या संग्रहांतून हरवलेले तुकडे जोडणे, ही कामे मात्र वाढतील. प्रश्न 7 आणि 8 मध्ये दिलेली तपासणी त्या कामांतही जशीच्या तशी लागते.